जोडीला कोण

उपसरपंच कसा ठरवतात, हे मी आमच्या खवाभट्टीच्या दारात चहाचा ट्रे धरून ऐकलं.

नियम असा की सरपंचाला गाव थेट मत देतं आणि उपसरपंच मागाहून निवडून आलेल्या सदस्यांमधून होतो. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात सरपंचकीला उभा राहणारा माणूस अर्ज भरायच्या आधीच आपला उपसरपंच पक्का करतो, कारण त्या एका खुर्चीच्या आशेवर त्याला दोन आळ्या, तीन भावक्या आणि एखादा रुसलेला जावई सांभाळायचा असतो. परदेशात राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहणारा माणूस जोडीला कोण घ्यायचा यावर महिनोन् महिने खल करतो म्हणे. टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी त्यावर बोलायला लागली की मला हसू येतं. तिकडं सूट घालून बसतात, आमच्याकडं दुधाच्या कॅनवर बसले होते, एवढाच फरक.

आमचं गाव वाशी तालुक्याच्या कडेला, ईटच्या बाजूला. या भागात घरटी एक-दोन म्हशी आणि गावात चार-सहा खव्याच्या भट्ट्या असतातच. त्यातली एक आमची. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, पहाटेपासून कढईपाशी उभे असतात आणि मी पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवते. सरपंचकीला उभे राहणार होते ते मालकांचे धाकटे चुलतभाऊ, म्हणजे माझे भावजी. गावातला सगळा खवा त्यांच्याच पिकअप गाडीतून शहराकडं जातो. म्हणून बैठक आमच्याकडं आणि चहाही आमचाच.

पाच-सहा जण बसले होते. त्यात एक निवृत्त गुरुजी. मतदारयादी त्यांना पाढ्यांसारखी पाठ. कोण मेलं, कोण पुण्याला गेलं, कोणाची सून अजून माहेरच्या यादीत आहे, सगळं डोळे मिटून सांगायचे.

पहिलं नाव निघालं एका ठेकेदाराचं. माणसं, गाड्या, वट, सगळं होतं त्याच्याकडं. भावजी म्हणाले, "नगं. त्यो उप झाला की दोन वर्सांत मलाच गिळंल."

दुसरं नाव एका तरुण पोराचं. शिवजयंतीला त्याचं भाषण ऐकायला शेजारच्या गावची माणसं यायची. भावजींनी चहाचा घोट घेतला. "त्यो बोलाय लागला की लोक माझ्याकडं बघत न्हाईत."

तिसरे एक म्हातारे शेतकरी होते, सज्जन, वाचणारे. त्यांचं नाव कुणी पूर्ण उच्चारूही दिलं नाही. ते प्रत्येक ठरावाचा कागद वाचायला मागतात, हा त्यांचा दोष.

मग गुरुजींनी डोळे मिटले. "वार्ड दोन. वरची आळी. तितं आपलं काय न्हाय. समद्या आळीत विरोधी उमेदवाराचा शब्द चालतो." डोळे उघडून ते म्हणाले, "पर वरच्या आळीची एक लेक तुमच्याच भावकीत दिल्याली हाय की."

सगळ्यांनी ट्रेकडं पाहिलं. ट्रेच्या मागं मी होते.

मी गावातल्या गावात दिलेली लेक. माझं माहेर वरच्या आळीत आणि सासर खालच्या. मैत्रिणी हेवा करायच्या, पण त्यातली अडचण मलाच ठाऊक. रुसून जायचं तर तीनशे पावलांवर जायचं, आणि पोचायच्या आधी बातमी पोचलेली असायची. वरच्या आळीत शब्द चालत होता तो माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा, दादाचा. आणि भावजींच्या विरोधात सरपंचकीला उभा राहणार होता तोच.

गुरुजींनी फक्त मतांचं सांगितलं. माझ्यातले बाकीचे दोन गुण कुणी बोलून दाखवले नाहीत, पण मला ते तिथंच उभ्या उभ्या कळले. माझ्यामागं माझं असं एकही माणूस नव्हतं, आणि मी उद्या काही जास्त बोलले तर मला घरातूनच गप्प करता येणार होतं. ठेकेदार गिळणार होता, पोरगा झाकोळणार होता, म्हातारा अडवणार होता. मी यातलं काही करणार नव्हते. नंतर पुष्कळांनी माझं अभिनंदन केलं की बघ, तुझी हुशारी बघून तुला घेतलं. मी मान डोलवायचे.

मला विचारलं का? विचारलं की. मालक 'व्हय' म्हणाल्यानंतर.

"वैनी, तुमची काय हरकत?" भावजींनी विचारलं.

मी म्हटलं, "भावजी, माझा दादा उभा हाय तिकडून."

"म्हणूनच की," ते म्हणाले, आणि कप पुढं केला.

मला राग फार लवकर येतो. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर पावशेर राग ठेवलेला असतो. पण हा राग मला ब्लाऊजात खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकावर काढता येतो, नवऱ्याच्या भावकीवर नाही. मालक रात्रंदिवस त्या कढईपाशी राबतात आणि तो खवा जातो भावजींच्या गाडीतून. गाडी एक दिवस दारात आली नाही तर खव्याला वास सुटतो. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी आत जाऊन मशीनवर बसले आणि एका बाईची बाही उलटी शिवली.

माझं काय जाणार होतं ते सांगते. आई दादाकडं राहते. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेले. उजेड आहे की अंधार एवढं कळतं, बाकी काही नाही. रोज दुपारी चारला मशीन थांबवून मी तिच्याकडं जायचे. तिची वेणी घालायचे, शेंगा फोडत बसायचे, गावातलं चांगलं-वाईट सांगायचे. ती ऐकायची आणि मध्येच म्हणायची, आज आवाज उतरलाय तुझा, काय झालं सांग. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण माझं असं म्हणावं ते दिवसातून तेवढंच होतं, चार ते साडेपाच. उपसरपंचाची खुर्ची घेताना मी ते डावावर लावत होते. म्हणजे मी नाही, माझ्या वतीनं दुसऱ्यांनी लावलं होतं.

पुढच्या सोमवारी महादेवाच्या देवळात पॅनलच्या सगळ्यांनी बेलभंडारा उचलला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन म्हणायचं, मत फुटणार नाही, पॅनल सोडणार नाही. आमच्याकडं कोर्टातल्या शपथेला कुणी भीत नाही, याला भितात. मग भावजींनी मला एक कोरा कागद आणि पेन दिलं. त्यावर माझ्या हातानं लिहून घेतलं की वैयक्तिक कारणामुळं मी उपसरपंचपदाचा राजीनामा देत आहे. खाली सही. तारखेची जागा मोकळी.

"आडीच वर्सांनी दुसऱ्या वस्तीला शबूद दिलाय," भावजी म्हणाले. "समदीकडं असंच असतं, वैनी."

निवडून यायच्या आधी राजीनामा. बारशाआधीच बाराव्याची तयारी. मी हसून सही केली, कारण पाचजण बघत होते.

त्याच दिवशी चारला मी दादाकडं गेले. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं म्हणून. दादा दारातच खाटेवर बसला होता. त्याला आधीच कळलं होतं.

"तुला उभं केलंय त्ये तुझ्यासाठी न्हाय," तो म्हणाला. "माझ्या घराला भोक पाडायला केलंय."

"ठाव हाय मला."

"मग?"

दादा वाईट माणूस नाही. वडील गेल्यावर माझं लग्न त्यानंच केलं. तो खाली बघत म्हणाला, "ऱ्हा उभी. पर निवडणूक हुईस्तोवर हिकडं येऊ नगं. लोक बघतेत."

आई आतून ऐकत होती. तीन आठवडे मी चारला मशीनवरच बसून राहिले. प्रचारात त्या आळीतून फिरताना आई ओट्यावर बसलेली दिसायची. बायांच्या घोळक्यात मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, म्हणजे तिला आवाज ओळखू यावा. ती मान वळवायची.

मतदान शाळेत होतं. सरपंचाच्या जागेला आमच्याकडून कपबशी आणि दादाची छत्री. मी सकाळीच जाऊन शपथेप्रमाणं माझं मत कपबशीला दिलं. त्याबद्दल मला आज ना पश्चात्ताप आहे ना अभिमान. मग वार्ड दोनची उमेदवार म्हणून मी त्या वार्डाच्या खोलीच्या दाराशी थांबले.

दहा-साडेदहाला वहिनी आईला रिक्षातून घेऊन आली. आंधळ्या मतदाराला सोबती घेता येतो. सोबत्यानं त्याच्या वतीनं बटण दाबायचं आणि कुणाला सांगायचं नाही, असं लिहून द्यायचं. त्यामुळं वहिनी पुढं झाली, आधार कार्ड काढलं. अधिकाऱ्यानं आईला विचारलं, "आजी, सोबतीला कोण?"

आई म्हणाली, "माझी लेक हाय का हितं?"

वहिनीचा हात कार्डासकट हवेत राहिला. अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी उमेदवार म्हणून त्याला जरा शंका आली. त्यानं पुस्तिका चाळली, दोन्हीकडच्या प्रतिनिधींना विचारलं कुणाची हरकत आहे का. आमच्याकडचा कशाला हरकत घेईल, तो गालात हसत होता. दादाचा माणूस वहिनीकडं बघत होता आणि वहिनी जमिनीकडं. सगळ्यांसमोर सासूचा शब्द कसा मोडायचा? मी कागदावर सही केली आणि आईचा हात धरला. तीन आठवड्यांनी धरला होता.

पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्यावर तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं. "सरपंचाला दादाची छत्री दाब. मेंबरला तुझं. बाकीचं कुनालाबी दे."

आईनं स्वतःचं पॅनल केलं होतं. पोरगा सरपंच आणि पोरगी मेंबर. आख्ख्या गावात एवढ्या सरळपणानं जोडी कुणी लावली नव्हती. वहिनीला आत आणलं असतं तर तिनं सगळी बटणं त्यांच्याच पॅनलची दाबली असती, मला काही मिळालं नसतं, हे तिनं ओट्यावर बसून तीन आठवडे विचार करून ताडलं होतं.

मी छत्रीकडं बघितलं. हात पुढं गेला आणि थांबला. भंडारा आठवला. मत फुटणार नाही म्हणून मी देवासमोर म्हटलं होतं. शेजारचीच कपबशी दाबली असती तर जगात कुणाला कळलं नसतं, आईलाही नाही. हे मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण मत तिचं होतं, बोट फक्त माझं. मी छत्री दाबली. मग माझं चिन्ह. मग बाकीची. मशीन लांब वाजलं. आईनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. भावजी निवडून आले, दादा पडला. फरक हाताच्या बोटांवर मोजावा इतका. मीही निवडून आले. चौकात गुलाल, ताशा, आणि टेबलावर उभं राहून भावजींचं भाषण. मला टेबलाशेजारी खुर्ची दिली होती.

"काय म्हणत हुते? वरची आळी आपली न्हाय," भावजी ओरडून सांगत होते. "आरं, विरोधकाच्या सख्ख्या आईनं लेकीच्या हातनं आपल्याला मत दिलं. घरच्याच मतानं पाडलं त्यास्नी!"

लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. गुरुजींनी माझ्याकडं बघून मान डोलवली. त्यांची यादी खरी ठरली होती. मी उठून म्हणायला हवं होतं, खोटं आहे हे, आईनं छत्री दाबायला सांगितली आणि मी छत्रीच दाबली. दोन वाक्यं होती. पण म्हटलं असतं तर सासरच्या गोतात मी बेलभंडारा मोडणारी ठरले असते. शिवाय गुप्ततेच्या कागदावर सही होतीच. समोर मालक उभे होते, कपाळभर गुलाल, वर्षानुवर्षं न दिसलेलं हसू तोंडावर. मी खुर्चीत बसून राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड माझं मीच दाबलं होतं.

भाषण संपताच आम्हा सदस्यांना गाडीत घातलं. उपसरपंचाची निवड होईपर्यंत समोरच्यांनी कुणाला फोडू नये म्हणून सगळ्यांना गावाबाहेर न्यायची रीत आहे. तिला सहल म्हणतात. कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका देवस्थानाच्या भक्तनिवासात आठ दिवस काढले. फोन पहिल्याच दिवशी एका पिशवीत गोळा केले. दोन वेळा दर्शन, तीन वेळा जेवण, आणि दारात भावजींचा मेव्हणा. मी त्याला म्हटलं, आईला एक फोन करायचाय.

"वैनी, आईकडं भाऊबी असतो ना," तो म्हणाला. अगदी आदरानं म्हणाला.

बाकीच्या बाया खूश होत्या. घरचं काम नाही, कुणी ताट वाढून देतंय. मी खिडकीशी बसून बाहेरच्या कानडी पाट्या बघत बसायचे आणि एकच हिशेब करायचे, भाषण दादापर्यंत किती वेळात पोचलं असेल. मला ठाऊक होतं किती वेळात. ताशाचा आवाज जातो तेवढ्या वेळात.

आठव्या दिवशी आम्हाला थेट ग्रामपंचायतीत उतरवलं. अर्ध्या तासात मी उपसरपंच झाले. कुणीतरी हार घातला. हार काढून टेबलावर ठेवला आणि मी तशीच वरच्या आळीला चालत निघाले.

दादा, वहिनी, आई तिघं घरात होती. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "दादा, आईचं मत तुलाच दिलंय म्या. छत्री दाबली."

दादानं मान वर केली. आठ दिवसांत तो उतरला होता. "मग भाषणात गप का बसलीस?"

मी चपला काढून आत आले.

"साऱ्या गावाम्होरं त्यो माझ्या आईचं नाव घिऊन बोलला. तू खुर्चीवर बसून ऐकलंस. आन आता घरात यिऊन सांगतीस व्हय?"

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आरं, म्या सांगितलं हुतं तिला. तुलाच द्यायला सांगितलं हुतं."

"तू सांगितलंस गं," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "पर तुला दिसतं का, आई? तिनं काय दाबलं त्ये तुला काय ठाव?"

आईचा चेहरा माझ्याकडं वळला, नेहमी वळायचा तसाच. पण त्या दिवशी तो माझ्या आवाजाची वाट बघत होता. मी पुन्हा म्हटलं, छत्रीच दाबली. माझं मलाच ते पाठ केल्यासारखं वाटलं. वहिनी पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बाहेर आली नाही.

त्यानंतर मला कुणी येऊ नको म्हटलं नाही. मी चारला जायचे. बस म्हणायला कुणी नसायचं. आईची वेणी घालायचे. मी गावातलं सांगायचे, ती 'हं' म्हणायची. माझा आवाज उतरलाय असं तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि उतरलेला तर रोजच होता. हळूहळू मी एक दिवसाआड जायला लागले, मग आठवड्यातून एकदा.

खालच्या आळीत वेगळंच. भावजी प्रत्येक कार्यक्रमात तो किस्सा सांगायचे. हौदाचं उद्घाटन असो की शाळेत वह्यावाटप, आईनं लेकीच्या हातनं मत दिलं हे आलंच. माझी निवड किती नेमकी होती याचा तो पुरावाच होता त्यांना. एकदा मी मालकांना खरं सांगितलं. ते कढई ढवळायचं थांबवून माझ्याकडं बघत राहिले.

"मला सांगितलंस, आता कुनाला सांगू नगं," ते म्हणाले. "बेलभंडारा उचलला हुतास तू."

"आईचं मत हुतं त्ये."

"त्ये देवाला कळंल. भावकीला न्हाय कळणार." आणि पुन्हा ढवळायला लागले. खवा खाली लागतो ना.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी भावजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, तुमचा त्यो कागद सांबाळून ठिवलाय बरं का म्या." हसत म्हणाले. मालकांनी माझं बोलणं त्यांच्या कानावर घातलं होतं, का त्यांना सहजच आठवण झाली, कोण जाणे. मला त्या खुर्चीचं काही वाटत नव्हतं, तारीख घालायची तर उद्याच घाला. पण मी ते बोलले नाही, कारण खुर्ची गेली तर पिकअपही जाणार. मी माझी साडी सावरली आणि व्यासपीठावर जाऊन बसले. इतकी वर्षं मी स्वतःला चिडकी बाई समजत आले. चिडकी नाही, मी भित्री निघाले.

थंडीत दुपारी आई अंगणवाडीच्या भिंतीशी उन्हाला बसते. एका दिवशी मी तिथं गेले. आसपास कुणी नव्हतं. तिनं माझा हात चाचपून घेतला.

"एक इचारू का?"

"इचार की."

"त्या दिवशी कुठलं बटन दाबलंस?"

"छत्री. किती डाव सांगू आई?"

ती बोटांनी माझ्या बांगड्या एकेक करून सरकवत राहिली. लहानपणी मी तिच्या सरकवायची.

"न्हाय, दुसरं दाबलं असशील तरी म्या काय म्हणत न्हाय. सासरचं मीठ खातीस तू. त्यास्नी सोडून कुठं जाशील? फकस्त खरं काय त्ये सांग. मला रातीला झोप न्हाय गं. तुला तिथं न्हेलं त्ये चुकलं का माझं, एवढंच मनात येतं."

"तुझी शपथ आई, छत्रीच."

"शपथ घालू नगं." तिनं हात काढून घेतला. "नसंल सांगायचं तर ऱ्हाऊ दे."

तिचा हात तिच्या मांडीवर जाऊन पडला. मी त्या हाताकडं बघत होते. खरं मी चारदा सांगितलं होतं. एकदा दादाला, तीनदा तिला. खऱ्यानं प्रत्येक वेळी ती थोडी लांब गेली होती. ऐंशीच्या पुढचं वय तिचं. तिला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कुणावर तरी विसंबून मानायचं तर ती आता कोणावर विसंबणार? माझ्यावर नाही, एवढं ठरलं होतं. फक्त मी चूक कबूल केली तर मी पुन्हा तिची होणार होते.

मी म्हटलं, "कपबशी दाबली."

आईनं केवढा तरी श्वास सोडला. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, गालावरून, कानावरून हात फिरवला. "बघ. वाटलंच हुतं मला. आगं, मग सांगायचं न्हाय का येडे? लेकरानं केलं म्हून आई टाकती व्हय?" ती रडायला लागली आणि मीही. दोघींची रडण्याची कारणं वेगळी होती, तिचं मन हलकं होत होतं.

"दादाला सांगते म्या," ती म्हणाली. "पोरीनं कबूल केलं म्हणते. त्येचाबी जीव थंड हुईल."

नको म्हणायला मी तोंड उघडलं. पण ती किती दिवसांनी हसत होती.

रविवारी दादा स्वतः बोलवायला आला. शिलाईच्या खोलीत उभा राहून त्यानं दोन-चार कापडं उगाच हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "जेवायला ये. तुझ्या वैनीनं धपाटे लावलेत." मी मशीन बंद करून त्याच्याबरोबर गेले. वरच्या आळीतून आम्ही दोघं चालत जाताना ओट्यांवरच्या बाया बघत होत्या.

वहिनीनं पाट मांडला, हातावर पाणी घातलं, ताटात आधी मला वाढलं. आई माझ्याशेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसली. दादा समोर. तो मोठ्या मनाचा माणूस आहे, मी खोटं सांगत नाही. हरल्याचं दुःख त्याला माझ्या कबुलीनं निम्मं झालं होतं. आपल्याला गावानं नाही, घरच्याच एका मतानं पाडलं, असं तो आता म्हणू शकत होता.

"चुकी माणसाकडनंच हुती," तो म्हणाला. "झालं गेलं गंगेला मिळालं. पर एक ध्यानात ठेव बाई. दुनियेम्होरं काय बोलायचं त्ये बोल. हितं आईम्होरं, माझ्याम्होरं खोटं बोलत जाऊ नगं."

आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाय बोलणार," मी म्हटलं, आणि धपाट्याचा तुकडा मोडला.